एका पायाच्या सारसाविषयी काही दुरुस्त्या

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

नाणेसंग्राहक मंडळाच्या मासिकात पृष्ठ सातवर ‘एका पायाच्या सारसाचे रहस्य’ हा लेख छापून आला आहे. तो चुकांनी भरलेला आहे. लेखक दंतवैद्य आहे, आणि मासिकाचा संपादकही. दंतवैद्याने दात तपासावेत.

चूक पहिली. तो लिहितो, ‘पॉलिश करताना डायवरचा सारसाचा एक पाय पुसला गेला.’ पाय डायवर, म्हणजे नाणे उठवणाऱ्या पोलादी ठशावर, नसतो; डायमध्ये असतो. नाण्यावर जे उंच, ते डायमध्ये खोल. एवढे ज्याला ठाऊक नाही, त्याने ‘रहस्य’ हा शब्द वापरू नये.

चूक दुसरी. ‘ही घटना मार्चच्या सुमारास घडली.’ घटनेला तारीख असते, सुमार नसतो. एकोणतीस वर्षांपूर्वीचा १४ मार्च.

चूक तिसरी, आणि अक्षम्य. ‘टांकसाळीच्या मुख्य पॉलिशकाराच्या देखरेखीखाली, त्याच्या साहाय्यकाच्या हातून.’ मुख्य पॉलिशकार मी होतो. १४ मार्च रोजी मी रजेवर होतो. दाढ काढली होती. तोंडात बोळा धरून देखरेख करता येत नाही.

एकोणतीस वर्षे मी गप्प राहिलो. (हे विधान पूर्णतः अचूक नाही. नातेवाइकांत, निरोपसमारंभांत व बसथांब्यावर सांगितले आहे. परंतु लेखी नाही.)

संकल्प: आजच्या आज खंडन लिहून संपवणे. सात परिच्छेद. विशेषणे टाळणे.

त्याच दिवशी, दुपारी ४.१५

पहिले वाक्य झाले. उत्तम आहे. दुसऱ्यासाठी पेन योग्य नव्हते म्हणून दुकानात दोन खेपा. मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या. चालताना वाक्यरचना सुचते. ही म्हणाली, अहो, एका जागी बसा तरी, फरशी झिजायची. पत्नीला विषयाचे गांभीर्य नाही.

५ फेब्रुवारी

तिसरा परिच्छेद जमला. येथेही उतरवून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कोणी फिरवाफिरव करू नये:

‘प्रेसमध्ये वर एक व खाली एक अशा दोन पोलादी डाय असतात. मध्ये कोरी चकती येते, दाब पडतो, नाणे तयार होते. क्वचित चकती येतच नाही. मग दोन्ही डाय एकमेकींवर आदळतात आणि एकीचा वळ दुसरीवर उठतो. १४ मार्च रोजी सारसाच्या पोटावर असाच आकड्याचा वळ उठला. वळ घालवण्यासाठी डाय पॉलिश करतात. लोकरीचे फेल्ट गुंडाळलेल्या कांडीवर हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट घ्यायची आणि पृष्ठभाग घासायचा. पृष्ठभाग केसभर खाली जातो, वळ नाहीसा होतो. परंतु त्याबरोबर जे उथळ कोरलेले असते, तेही जाते. जमीन खणून उतरवत नेली, तर विहीर राहील. डबके राहणार नाही. सारसाचा मागचा पाय डबक्याइतकाच खोल होता.’

विहिरीचा दाखला माझा आहे.

केव्हा थांबायचे, एवढेच या कामात कसब. माझा हात थांबत असे. कापसाचा थांबला नाही. कापूस म्हणजे माझा साहाय्यक. प्रेसच्या धडधडीपासून वाचण्यासाठी कानांत सदैव कापसाचे बोळे, म्हणून सगळे खाते त्याला कापूस म्हणे. सारस एका पायावरच उभा राहतो असा लोकांचा समज असल्यामुळे दोन आठवडे कोणाच्या काही लक्षात आले नाही. आले, तेव्हा चौकशी झाली. कापसाच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजी’ असा शेरा पडला व त्याला नाण्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या खात्यात पाठवले. वाईट वाटले. परंतु चौकशीत विचारले, ते सांगितले. सांगावेच लागते.

९ फेब्रुवारी

कवळी टोचते म्हणून दंतवैद्याकडे गेलो. खंडन प्रत्यक्ष हातात देता येईल, हा हेतू गौण.

त्याने आधी माझे तोंड उघडायला लावले आणि मग विषय काढला. हा डाव आहे. म्हणाला, काका, सोप्पं आहे हो, दात जास्त घासला की बारीकसारीक नक्षी आधी जाते. तुमची डाय म्हणजे दाढच की! माझ्याकडे पाच हरकती तयार होत्या. तोंडात आरसा असल्यामुळे ‘आ’ एवढेच बाहेर पडले. त्याला तो होकार वाटला.

खंडन त्याने उभ्याउभ्याच वाचले. भारी आहे, म्हणाला. एक शब्द न बदलता छापतो. मग विचारले, म्हणजे काका, त्या दिवशी तुम्ही नव्हतातच? मी म्हणालो, दाढ. तो म्हणाला, मग ती आमच्या बाबांनीच काढली असणार. होय, हा दवाखाना तेव्हा त्याच्या वडिलांचा होता.

मी त्याचा काका नव्हे.

कवळी अजून टोचते.

१२ फेब्रुवारी

दारावरच्या पितळी पाटीवर प्रात्यक्षिक केले. योग्य हाताने केलेले पॉलिश काहीही पुसत नाही, हे हिला दाखवायचे होते. पाटीवरची अक्षरे कोरीव आहेत, म्हणजे डायसारखीच. पस्तीस मिनिटे घासली. पाटी आरशासारखी झाली. ही चष्मा लावून आली, निरखून पाहिले आणि म्हणाली, छान झाली, यात भांग पाडता येईल. नाव तेवढं वाचता येत नाही.

अतिशयोक्ती. आडनाव स्वच्छ दिसते. एक अनुस्वार, दोन वेलांट्या व पदवी गेली आहे. ती मुळातच उथळ कोरली होती. कोरणाऱ्याची चूक.

सायंकाळी कुरियरवाला जिना तीनदा चढला-उतरला आणि अखेर शेजारी चौकशी करून आला. त्याने डोळे तपासून घ्यावेत.

२ मार्च

खंडन छापून आले. पृष्ठ तीन, संपूर्ण. एक स्वल्पविराम गाळला आहे, बाकी निर्दोष. चार वेळा वाचले. मासिकातला इतर मजकूर वाचण्याजोगा नसतो.

विषय संपला. उद्यापासून सकाळी फिरायला जाणे.

४ मार्च, सकाळी ११.१०

फिरायला गेलो नाही. विषय संपलेला नाही. हिने पृष्ठ चार वाचले.

‘येत्या २७ मार्चच्या वार्षिक सभेत, आपल्या मंडळाच्या बोधचिन्हावर विराजमान असलेला एका पायाचा सारस ज्यांच्या हातून घडला, त्या कारागिराचा सत्कार करण्यात येईल. मुख्य पॉलिशकारांच्या पत्रामुळे सर्व शंका फिटल्या असून, हे श्रेय निःसंशय त्यांच्या साहाय्यकाचेच आहे.’

श्रेय!

११.३०. बसलो. उठलो.

११.४०. गच्चीवर गेलो. खाली आलो.

१२.०५. दंतवैद्याला फोन केला. तो म्हणाला, काका, आमच्या छंदातली सगळ्यात लाडकी चूक आहे ती! एकच पाय, आणि अंगावर त्या पावसाच्या रेघा. असला हात कोणाचा, ते बघायला माणसं लांबून यायचीत.

पावसाच्या रेघा! पेस्टने डायवर पडलेले ओरखडे नाण्यावर उंच रेघा होऊन उठतात, त्याला हे लोक पाऊस म्हणतात. बरे, त्या रेघांचा कल पाहिला आहे का कोणी? तो उजव्या हाताचा कल आहे. कापूस डावखुरा.

१२.२०. उठलो.

५ मार्च

शांतपणे विचार केला. ‘रजेवर होतो’ या विधानाचा इतका संकुचित अर्थ घेण्याचे कारण नाही. १४ मार्चला दाढ ठणकत होती, हे निर्विवाद. मन त्या दाढेपाशी होते. म्हणजे मनाने मी रजेवरच होतो. हात मात्र कामावर होते. आणि पाय हातांनी जातो, मनाने नाही.

असा सूक्ष्म भेद मासिकाच्या वाचकांना झेपणार नाही, म्हणून मी तो पत्रात केला नाही. ही माझी सौजन्यपूर्ण चूक.

संकल्प: माझ्या खंडनाचे खंडन लिहिणे. सात परिच्छेद पुरणार नाहीत.

९ मार्च

कापसाकडे गेलो. दोन बस. पत्ता विचारावा लागला. तिसरा मजला, खोल्या दोन, खुर्च्या दोन, टेबलावर दोरीने बांधलेली एक जाड फाइल. दार मुलीने उघडले. अंगात टांकसाळीचा निळा कोट. ती आमच्याच डाय खात्यात लागली आहे म्हणे. आत तोंड करून ओरडली, बाबा, तुमचे साहेब! हळू नका बोलू हं, ती मला म्हणाली, बोळे अजून घालतात. प्रेस सुटली, सवय सुटली नाही.

कापूस उठून उभा राहिला. साहेब, पत्र वाचलं, म्हणाला. भाषा नेहमीसारखी झकास.

मी वेळ न दवडता माझा कागद पुढे ठेवला. ‘१४ मार्च रोजी सारसाची डाय साहेबांनी स्वहस्ते पॉलिश केली. मी केवळ दिवा धरला होता.’ खाली त्याच्या सहीची जागा. त्याने तो दोनदा वाचला आणि हसू लागला. इतका हसला, की खोकला लागला आणि मुलीने पाणी आणले. मग म्हणाला, साहेब, हेच तर मी एकोणतीस वर्षं सगळ्यांना सांगतोय.

त्याने फाइलमधून आपला कागद काढला. ‘निष्काळजी’ हा शेरा काढून टाकावा म्हणून टांकसाळीला अर्ज. तीनदा परत आला आहे. तत्कालीन मुख्य पॉलिशकारांचे लेखी निवेदन जोडा, असे प्रत्येक वेळी उत्तर. सत्कार कोणाला हवाय, म्हणाला; टाळ्या तुम्ही घ्या, साहेब, सगळ्या घ्या. मरायच्या आधी तेवढा एक शब्द खोडलेला बघायचाय. मुलगी म्हणाली, मला खात्यात अजून ‘एकपायाची’ म्हणतात. माझ्या हातात डाय देताना वरचे दोनदा विचार करतात.

अर्ज मी काळजीपूर्वक वाचला. व्याकरणाच्या चार चुका. तांबड्या पेन्सिलने दुरुस्त करून परत दिला. सहीचे पुढे पाहू म्हणालो. आधी त्याने माझ्या कागदावर सही करणे क्रमाला धरून होईल. त्याने केली नाही. म्हणाला, हेही तुम्हीच लिहा ना, साहेब. माझं कोणी ऐकलंय? त्या दिवशी दोनदा म्हणालो, साहेब, पाय चाललाय, पाय चाललाय. तर तुम्ही म्हणालात, कानांत घालतोस तसा तोंडातही कापूस घाल.

हे वाक्य मला आठवत नाही. रचना मात्र माझी वाटते.

चहा चांगला होता. एकंदरीत भेट यशस्वी झाली. कापूस प्रसन्न दिसला.

१५ मार्च, दुपारी १.००

विजय!

दंतवैद्याच्या वडिलांच्या नोंदवह्या दवाखान्याच्या माळ्यावर होत्या. तो शिडीवर, मी खाली. धुळीने दोघेही शिंकत होतो. त्या वर्षाची वही सापडली. १८ मार्च, सकाळी दहा: माझे नाव. पुढे, ‘खालची उजवी दाढ. रुग्ण सूचना फार करतो.’ आणि १४ मार्च? पान पालथे घातले. माझे नाव नाही! १४ मार्चला माझी दाढ जागेवर होती. अर्थात मीही जागेवर होतो.

दंतवैद्य शिडीवरच बसून राहिला. म्हणाला, काका, हे नक्की सभेत वाचायचंय? मी म्हणालो, पुरावा तो पुरावा. तो म्हणाला, तसं नाही हो, नीट विचार करा. मी म्हणालो, विचार करूनच एकोणतीस वर्षे गेली. त्याने वही पुसून माझ्या हातात दिली. माझे म्हणणे त्याला पूर्णपणे पटले असावे.

२० मार्च

हिला भाषण वाचून दाखवले. तेरा पाने. पाचव्या पानावर ती म्हणाली, मला कशाला पुरावे देताय? त्या दिवशी हात काळे करून आला होतात. सदऱ्याची बाही मी दोनदा धुतली, डाग शेवटपर्यंत निघाला नाही. मी विचारले, मग एवढी वर्षे बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही दाढेची गोष्ट सांगत असताना मध्ये बोललेलं तुम्हाला चालतं का? मग भाजी चिरता चिरता म्हणाली, त्या माणसाकडे गेला होतात, त्याला सही दिलीत का? मी म्हणालो, क्रम असतो. ती उठून आत गेली.

बाही हा स्वतंत्र पुरावा होऊ शकतो. भाषणात घालणे. पाने चौदा.

२४ मार्च

आरशासमोर तालीम. बाहीचा मुद्दा आला, की लोक हसतील, तेथे थांबणे. शेवटी टाळ्यांसाठी थांबणे. किती थांबावे हे ठरत नाही. बसून पाहिले, उभे राहून पाहिले. कवळी दोनदा निसटली.

२७ मार्च, सकाळी ७.१०

सदरा इस्त्रीचा. नोंदवही पिशवीत. चौदा पाने, ओळींमध्ये दुप्पट अंतर. ही येणार नाही म्हणाली. आज सत्य उजेडात येईल.

२७ मार्च, सायंकाळी ५.३०

आले.

सभागृहात चाळीसएक माणसे होती. पडद्यावर सारस भिंतीएवढा. पहिल्या रांगेत कापूस, शेजारी त्याची मुलगी. दंतवैद्याने प्रास्ताविक केले व म्हणाला, सत्कारापूर्वी मुख्य पॉलिशकारांना काही सांगायचे आहे.

मी पन्नास मिनिटे बोललो. एकही वाक्य अडखळले नाही. ओरखड्यांचा कल पडद्यावर काठीने दाखवला. लोकांनी माना पुढे केल्या. नोंदवहीचे पान वाचले. बाही सांगितली; हसले. मी सिद्ध केले, की १४ मार्च रोजी मी कामावर होतो, कांडी माझ्या हातात होती व पाय माझ्याच हातून गेला. मग ठरल्याप्रमाणे टाळ्यांसाठी थांबलो.

टाळ्यांऐवजी कापूस उभा राहिला. त्याने एका कानातला बोळा काढला. म्हणाला, साहेब, नीट ऐकू आलं नाही म्हणून विचारतो. त्या दिवशी कांडी तुमच्या हातात होती?

मी म्हणालो, निश्चितच.

आणि पाय चाललाय असं मी म्हणालो होतो?

मी म्हणालो, दोनदा. (अचूकता.)

मग चौकशीत तुम्ही काय सांगितलंत?

मी पाने उलटली. पुढे, मागे. चौदा पाने होती. तो परिच्छेद त्यांत नव्हता. मला वाटले होते, की तो कोठेतरी आहे.

मी ‘त्या वेळी’ एवढे दोन शब्द उच्चारले. पुढे क्रियापद सुचले नाही. कापसाने बोळा परत कानात घातला आणि खाली बसला. मुलीने त्याचा हात धरला. दंतवैद्य पडद्यावरचा सारस बंद करायला गेला. बटण सापडेना, म्हणून तो बराच वेळ तसाच राहिला, भिंतीएवढा.

सत्कार झाला नाही. कापूस नको म्हणाला. मला कोणी विचारले नाही.

घरी येताना आपला थांबा गेला, हे दोन थांबे पुढे गेल्यावर कळले.

२८ मार्च

उठलो. बसलो. संध्याकाळी हिने कोरे कागद आणि पेन टेबलावर आणून ठेवले. पेन जुनेच. चालले.

२९ मार्च

खालील तारखा यापूर्वी चुकीच्या दिल्या गेल्या. नव्हे: मी चुकीच्या दिल्या. जेथे जेथे दिल्या, तेथे याप्रमाणे वाचाव्यात. एक प्रत टांकसाळीसाठी, सही करून.

१४ मार्च, एकोणतीस वर्षांपूर्वी. रजा नव्हती. पहिल्या पाळीला वेळेवर हजर होतो. डाय मी पॉलिश केली. वळ गेल्यावरही घासत राहिलो, कारण चकाकी आवडली. साहाय्यकाने दोनदा सावध केले. त्याच्या हातात फक्त दिवा होता.

१८ मार्च. दाढ. रजा या दिवशी.

३१ मार्च. खात्याचा हजेरीपट माझ्या ताब्यात असे. १४ तारखेच्या रकान्यातला ‘रजा’ हा शब्द मी या दिवशी लिहिला. अक्षर माझे आहे, ताडून पाहावे.

२ एप्रिल. चौकशी. ‘विचारले, ते सांगितले,’ असे या वहीत लिहिले आहे. मला विचारले होते, डाय कोणी घासली. मी सांगितले, दाढ.

१६ एप्रिल. कापसाची बदली. कारण म्हणून जो शब्द लिहिला गेला, तो त्याच्या पानावरून काढून माझ्या पानावर लिहावा. त्याने अठरा वर्षे पिशव्या शिवल्या.

९ मार्च, या वर्षीचा. ‘कापूस प्रसन्न दिसला.’ दिसला नाही. मी पाहिले नव्हते.

२९ मार्च, सकाळी ९.५०. टांकसाळीच्या फाटकाशी, पाळीला निघालेल्या कापसाच्या मुलीच्या हातात वरील प्रत दिली. तिने ती उभ्याउभ्या, बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचली. आभार मानले नाहीत. म्हणाली, एक चुकलंय. मी पेन दिले. तिने ‘अठरा वर्षे’ यापुढे ‘चार महिने’ असे लिहिले. बरोबर आहे.